ग्लासगोचं जुळं घर आणि मिलब्रेचा चढ

ज्यासाठी लिहायला बसले ते आधी सांगते. ग्लासगोच्या लँगसाइड भागातला ‘डबल व्हिला’ हे खासगी घर आहे. दोन बिऱ्हाडांची ही दगडी वास्तू बाहेरूनच बघायची. एका गाइडने ‘दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवतो’ म्हणून माझ्याकडून पंचवीस पाउंड घेतले, फाटकासमोर दहा मिनिटं उभं केलं आणि परत आणलं. कुणालाही पैसे देऊ नका. मॅन्शनहाउस रोडवरून कुणीही चालू शकतं.

आणि तरीही जाच.

पुण्यात मी अठरा वर्षं घरांचे नकाशे काढतेय. ट्विन बंगलो म्हटला की आमच्याकडे एकच रीत: एक नकाशा काढायचा आणि सामाईक भिंतीवर मिरर मारायचा, म्हणजे आरशातल्यासारखा उलटा. दारं शेजारी शेजारी, पोर्च शेजारी शेजारी, एकीच्या अंगणातलं बोलणं दुसरीच्या ओट्यावर. वास्तुविशारद अलेक्झांडर थॉमसनने 1856-57 मध्ये इथे मिरर मारलाच नाही. तोच नकाशा त्याने 180 अंशांत फिरवला. एका घराचं तोंड पुढे, दुसऱ्याचं मागे. त्यामुळे समोरून बघताना एका घराचा दर्शनी भाग आणि त्याला लागून दुसऱ्याची पाठ दिसते, पण दोन्ही मिळून एकच ऐसपैस बंगला वाटतो, डावं-उजवं मुद्दाम वेगळं ठेवलेला. मागून पाहिलं तरी चित्र तेच. भिंतीला भिंत लागून आहे आणि शेजाऱ्याचं दार मात्र नजरेला पडत नाही! पसरट उताराची छपरं, पुढे आलेल्या वळचणी, पिवळसर वालुकाश्माचे घडीव चिरे. फाटकाशी उभी राहून मी जोड शोधत होते, एक घर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते. कितीतरी वेळ सापडला नाही.

अडचण एकच, पण मोठी. मी उभी होते तिथून एकच बाजू दिसत होती, तीही झाडांतून. खरी करामत दोन बाजू एकत्र समजल्याशिवाय कळत नाही. म्हणून नकाशा आधी बघून जा. माहिती न घेता गेलात तर ‘एक जुना बंगला’ बघून परत याल.

आता चढ. लँगसाइड स्टेशनवर उतरले, कारण भाचा म्हणाला, “मावशी, दहा मिनिटं.” दहा मिनिटं नव्हेत. आधी कार्ट नदीपर्यंत खाली उतरायचं आणि मग तितकंच, किंबहुना जास्तच, वर चढायचं. इथल्या स्कॉट्स भाषेत ‘ब्रे’ म्हणजे चढ. रस्त्याच्या नावातच मिलब्रे आहे, तेव्हाच ओळखायला हवं होतं. पाऊस भुरभुरत होता, फुटपाथवर ओली पानं चिकटलेली, माझे गुडघे बोलायला लागले. याच टेकडीवर 1568 मध्ये लँगसाइडच्या लढाईत स्कॉटलंडच्या राणी मेरीची फौज चढावरच मोडली, आणि त्या दुपारी मला ते अगदी पटलं. तुम्ही क्वीन्स पार्कच्या बाजूने या. चढ तिथेही आहे, पण बागेतून, बसत-उठत. लढाईच्या स्मारकापाशी पोचलात की दम टाका, अवघड भाग संपला. खाली जाताना मिलब्रेने उतरा.

थॉमसनचं घर आतून बघायचंच असेल तर कॅथकार्टला होमवूड आहे, 1857-58 चं, नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे. ते रोज उघडं नसतं, दिवस तपासूनच निघा. तिथली एक गोष्ट जवळून बघा: बैठकीच्या अर्धगोल खिडकीत दगडी खांब सुटे उभे आहेत आणि काचेची चौकट त्यांच्या मागून सलग जाते, दगडाला न चिकटता. दगड आणि काच वेगवेगळे ठेवण्याचं धाडस, तेही त्या काळात! या माणसाला सगळे ‘ग्रीक’ थॉमसन म्हणत आणि त्याने ग्रीस कधी पाहिलंच नाही. मी त्या खिडकीशी इतकी रमले की भाचा बाहेर जाऊन दोनदा चहा पिऊन आला.

स्ट्रॅथबंगोतली मोरे प्लेसची घरांची रांगही पाहिली. त्यातल्या पहिल्या घरात थॉमसन स्वतः राहत असे. सोपं चालणं, छान दुपार.

सोबत छत्री नको, वाऱ्यात उलटते; टोपीचं जाकीट बरं. आणि एक ट्रेसिंग पेपर न्या. बागेतल्या बाकावर मी एका घराचा ढोबळ आराखडा काढला, सामाईक भिंतीच्या मध्यावर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि कागद अर्धा फेरा फिरवला. दुसरं घर आपोआप जागेवर येऊन बसलं. भाच्याने तीनदा फिरवून बघितलं, मग कागद घडी करून खिशात ठेवला.