आठ नंबरच्या ट्राममधून दिसणारा स्विस-युरोप वाद

स्वित्झर्लंडला जाणारे बहुतेक लोक झुरिकला उतरतात, ल्युसर्न आणि इंटरलाकेन करतात आणि परत येतात. बासेल वगळलं जातं, कारण तिथे बर्फाचे डोंगर नाहीत. पण सदस्य नसलेला स्वित्झर्लंड आणि युरोपियन युनियन यांचं नातं नेमकं काय आहे, हे समजून घ्यायचं असेल तर दोन-तीन दिवस बासेललाच द्यावेत असं माझं मत आहे. शहराच्या एका अंगाला फ्रान्स, दुसऱ्या अंगाला जर्मनी. माणसांची, मालाची, नोकरीची, मोबाइलची आणि विजेची सीमा इथे वेगवेगळ्या ठिकाणी पडते. स्वित्झर्लंडमधला सगळा वाद यांतली कुठली रेघ कुठे सरकवायची आणि सरकवण्याचा अधिकार कोणाकडे, याचा आहे.

आधी कागदपत्रं. शेंगेन व्हिसावर स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स तिन्ही चालतात, आणि सिंगल एन्ट्री असली तरी इथे दिवसातून चार वेळा सीमा ओलांडून एन्ट्री खर्च होत नाही. स्वित्झर्लंडने ५ जून २००५ च्या सार्वमतात ५४.६ टक्के मतांनी शेंगेनला होकार दिला आणि डिसेंबर २००८ पासून जमिनीच्या सीमेवरची पासपोर्ट तपासणी उठली. तरीही मूळ पासपोर्ट खिशात हवाच. जर्मनीने ऑक्टोबर २०२३ पासून स्विस सीमेवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आणि ती वेळोवेळी वाढवली. ट्राममध्ये पोलीस चढतात आणि मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही.

बासेलची मुख्य दोन स्टेशनं बघण्यासारखी आहेत, तीही गाडी पकडायची नसताना. बासेल एसबीबी हे स्विस रेल्वेचं स्टेशन, पण त्याच्या एका टोकाला फ्रेंच विभाग आहे. कस्टमच्या पाट्या ओलांडून ३० ते ३५ नंबरच्या फलाटांवर गेलं की मुलूझ, स्ट्रासबुर्गच्या फ्रेंच गाड्या लागतात. पाट्या पाहून लोक इथे गोंधळतात आणि गाडी चुकवतात, म्हणून दहा मिनिटं जास्त धरा. ऱ्हाइनच्या पलीकडचं बाडिशर बानहोफ त्याहून गमतीचं. जमीन स्विस, स्टेशन जर्मन रेल्वेचं, आणि व्यवस्था १८५२ साली बाडेन संस्थानाशी झालेल्या कराराची. युरोपियन युनियन जन्मायच्या शंभराहून जास्त वर्षं आधी या लोकांनी एकमेकांच्या हद्दीत स्टेशनं चालवायला घेतली होती. ‘शेजाऱ्यांशी जवळीक ही ब्रुसेल्सची (म्हणजे युनियनची) कल्पना’ असं कोणी म्हणालं की मला हे स्टेशन आठवतं.

आता आठ नंबरची ट्राम. ही शहराच्या मध्यातून क्लाइनह्युनिंगेन बंदराजवळून जर्मनीतल्या वाइल आम राइनला जाते. डिसेंबर २०१४ मध्ये ती सीमेपार नेली. तीन नंबरची ट्राम डिसेंबर २०१७ पासून फ्रान्समधल्या सँ-लुई स्टेशनापर्यंत जाते. हॉटेलात मिळणाऱ्या बासेलकार्डवर शहरातला प्रवास फुकट होतो, पण ते कुठल्या झोनपर्यंत चालतं हे सीमा ओलांडण्याआधी बघा. तिकीट तपासनीस देश बदलला म्हणून सवलत देत नाही.

शनिवारी या ट्राममध्ये बासेलकर रिकाम्या पिशव्या घेऊन जातात आणि भरलेल्या घेऊन येतात. कारण साधं आहे: जर्मनीत किराणा, मांस, सौंदर्यप्रसाधनं बरीच स्वस्त, आणि वर कर परत मिळतो. पद्धत अशी. एका बिलाची रक्कम ५० युरोच्या वर हवी. काउंटरवर निर्यात-पावती मागायची, पासपोर्ट दाखवायचा. युरोपियन युनियनबाहेर राहणारा कोणीही हे करू शकतो, म्हणजे भारतीय पर्यटकही. माल आणि पावती घेऊन जर्मन कस्टमकडून शिक्का मारून घ्यायचा, आणि हे स्विस हद्दीत शिरण्याआधी. ट्राममधून सरळ पुढे गेलात की संधी गेली. नंतर शिक्का मारलेली पावती त्याच दुकानात द्यायची, तेव्हा पैसे मिळतात. जर्मन व्हॅट बहुतेक वस्तूंवर १९ टक्के, खाण्याच्या बऱ्याच वस्तूंवर ७. एकदाच येणाऱ्या पर्यटकाला त्याच दुकानात परत जाणं जमत नाही, म्हणून आधी विचारून घ्या. रविवारी दुकानं बंद असतात, हेही लक्षात असू द्या.

मग स्विस बाजू. १ जानेवारी २०२५ पासून माणशी दिवसाला १५० फ्रँकपर्यंतचा माल करमुक्त, आधी ही मर्यादा ३०० होती. १५० च्या वर गेलात तर वरच्या फरकावर नव्हे, पूर्ण रकमेवर व्हॅट लागतो, सर्वसाधारण दर ८.१ टक्के. मर्यादा निम्म्यावर आणण्यासाठी सीमेवरच्या कॅन्टननी (म्हणजे स्विस राज्यांनी) आणि तिथल्या दुकानदारांनी जोर लावला होता. शिवाय वजनाची वेगळी अट: मांस माणशी १ किलो, लोणी-साय मिळून १ किलो, १८ टक्क्यांपर्यंतची दारू ५ लिटर, त्यापुढची १ लिटर. मांस १ किलोच्या वर गेलं की दर किलोला १७ फ्रँक, आणि हा शुल्काचा फटका व्हॅटपेक्षा कितीतरी मोठा. क्विकझोल नावाच्या अ‍ॅपवर आधीच माल जाहीर करून पैसे भरता येतात.

म्हणजे एकाच ट्राममधल्या माणसाला शेंगेनमुळे सीमा जवळपास नाही, पण त्याच्या पिशवीला आहे. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, युरोपियन युनियनच्या कस्टम्स युनियनमध्ये नाही. वाइलजवळच्या महामार्गावर मालट्रकची रांग दिसते ती याचमुळे. गंमत अशी की २२ जुलै १९७२ च्या मुक्त व्यापार करारानुसार औद्योगिक मालावर दोघांत शुल्क नाहीच, आणि १ जानेवारी २०२४ पासून तर स्वित्झर्लंडने औद्योगिक वस्तूंवरचं आयात शुल्क सगळ्याच देशांसाठी शून्यावर आणलं. मग रांग कशाची? व्हॅटची, माल कुठे बनला याच्या दाखल्याची, शेतमालाची आणि रात्री १० ते पहाटे ५ ट्रकबंदीची. शुल्क काढलं की सीमा नाहीशी होते असं समजणाऱ्यांनी ही रांग बघावी.

मोबाइलचंही असंच. युरोपियन युनियनमधला ‘रोमिंगला जादा पैसे नाहीत’ हा नियम स्वित्झर्लंडला लागू नाही. युरोपचं म्हणून घेतलेलं ई-सिम स्वित्झर्लंडमध्ये चालतं का, ते यादीत नाव शोधून बघा. बासेलच्या बंदराकडे फोन आपोआप फ्रेंच किंवा जर्मन टॉवर पकडतो आणि उलटही होतं, त्यामुळे नेटवर्क हाताने निवडून ठेवलेलं बरं.

विमानतळ हा आणखी एक धडा. १९४९ च्या करारानुसार चालणारा युरोएअरपोर्ट पूर्णपणे फ्रान्सच्या जमिनीवर आहे, पण त्याला एक स्विस विभाग आहे आणि बासेलपासून तिथवर कुंपण घातलेला कस्टमचा रस्ता. ५० नंबरची बस त्याच रस्त्याने येते. गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी सांभाळायचं ते इथे: फ्रेंच विभागातून घेतलेली गाडी फ्रेंच विभागातच परत द्यायची, आणि बासेलहून येणारा कुंपणाचा रस्ता तिथे पोचवत नाही. फ्रान्समधून वळसा घालावा लागतो. फ्रेंच गाडीवर स्विस महामार्गाचा ४० फ्रँकचा विन्येट (टोलचा स्टिकर) बहुधा नसतो. तो ऑनलाइनही मिळतो, महामार्गावर चढण्याआधी घ्या.

रोज सकाळी याच सीमा ओलांडून फ्रान्स आणि जर्मनीतली माणसं बासेलच्या औषध कंपन्यांत, हॉस्पिटलांत, हॉटेलांत कामाला येतात. देशभरात असे सीमापार नोकरदार सुमारे चार लाख. त्यांना ‘जी’ परवाना मिळतो आणि आठवड्यातून किमान एकदा घरी परतण्याची अट असते. हे चालतं ते २००२ पासून लागू असलेल्या, एकमेकांच्या देशात राहण्या-काम करण्याची मुभा देणाऱ्या मुक्त संचार करारावर, आणि वादाची मुळं तिथे जातात.

६ डिसेंबर १९९२ ला युरोपीय आर्थिक क्षेत्रात (म्हणजे सदस्य न होता युनियनच्या सामायिक बाजारात) जायचं का, यावर सार्वमत झालं. ५०.३ टक्के ‘नको’ म्हणाले. कॅन्टनवार पाहिलं तर फ्रेंचभाषक पश्चिमेने आणि बासेलच्या दोन्ही अर्ध-कॅन्टननी होकार दिला, बाकी जवळजवळ सगळ्या जर्मनभाषक भागाने नकार. सीमेवरच्या बासेलचं मत बाकी जर्मनभाषकांपेक्षा वेगळं होतं. त्यानंतर स्वित्झर्लंडने सुट्या करारांचा मार्ग धरला. १९९९ मध्ये सात करारांवर सह्या झाल्या: माणसांचा संचार, तांत्रिक मानकं, सरकारी खरेदी, शेती, संशोधन, हवाई आणि जमिनीवरची वाहतूक. त्यांत ‘गिलोटिन’ कलम आहे: एक करार मोडला तर सहा महिन्यांत सातही संपतात. ९ फेब्रुवारी २०१४ ला बाहेरून येणाऱ्यांवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव ५०.३ टक्क्यांनी मंजूर झाला तेव्हा हे कलम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं. संसदेने अंमलबजावणी इतकी सौम्य केली की करार वाचले. सप्टेंबर २०२० मध्ये संचार करारच रद्द करण्याचा प्रस्ताव ६१.७ टक्क्यांनी फेटाळला गेला.

अडचण अशी की हे करार ज्या दिवशी झाले त्या दिवशीच्या कायद्यावर उभे आहेत. युनियनचे नियम बदलतात, करार मागे राहतात. २६ मे २०२१ ला दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. स्विस सरकारने एकत्रित चौकट-कराराची बोलणी थांबवली, आणि युनियनचे नवे वैद्यकीय उपकरण नियम लागू होऊन स्विस प्रमाणपत्रांची परस्पर मान्यता संपली. त्या दिवसापासून स्विस बनावटीच्या उपकरणाला युनियनमध्ये विकण्यासाठी तिथला अधिकृत प्रतिनिधी आणि नवं लेबल लागतं. उपकरण तेच राहिलं, कागद बदलले.

डिसेंबर २०२४ मध्ये बोलणी पूर्ण झालेलं नवं पॅकेज या दुखण्यावर आहे. संबंधित क्षेत्रांत स्वित्झर्लंडने नियम सतत अद्ययावत करायचे. वाद झाला तर आधी संयुक्त समिती, मग लवाद. युनियनच्या कायद्याचा अर्थ लावायची वेळ आली तर युरोपीय न्यायालयाचं मत बंधनकारक. स्विस मतदार एखादा नियम नाकारू शकतात, पण मग युनियन प्रमाणात भरपाईची पावलं उचलू शकते. शिवाय युनियनच्या तुलनेने गरीब देशांसाठी २०३० ते २०३६ दरवर्षी ३५ कोटी फ्रँक. उजव्या पक्षाचा आक्षेप ‘परके न्यायाधीश’ या जुन्या हाकेवर. कामगार संघटनांची काळजी मजुरीची. आज वाइलच्या सुताराला बासेलमध्ये काम करायचं तर आठ दिवस आधी नोंद करावी लागते. त्या मुदतीत तपासणी अधिकारी पगार पाहून घेतात. नव्या तरतुदीत ही मुदत धोक्याच्या क्षेत्रांत चार कामाच्या दिवसांवर येते. दूरवरून बघणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटेल, पण जिथे सीमेपलीकडचा पगार निम्मा असू शकतो, तिथे हे चार दिवस हाच मुद्दा आहे. मला या बाजूचं म्हणणं न्यायाधीशांच्या हाकेपेक्षा जास्त वजनदार वाटतं. तिसरा वाद सार्वमतातल्या मोजणीचा: फक्त देशभरातलं बहुमत पुरेसं की बहुसंख्य कॅन्टनही हवेत? छोट्या कॅन्टनचं वजन पाहता निकाल यावरच फिरू शकतो.

विजेसाठी एस-१ लोकलने लाउफेनबुर्ग गाठा. १८०१ साली नेपोलियनच्या काळात या गावाचे नदीवरून दोन तुकडे झाले, एक स्विस, एक जर्मन. जुन्या पुलावरून चालत पलीकडे जाता येतं. गावाबाहेरच्या वीज उपकेंद्रात १९५८ मध्ये स्विस, जर्मन आणि फ्रेंच जाळी जोडली गेली, आणि युरोपच्या एकत्रित वीजजाळ्याची सुरुवात इथली मानतात. आज मात्र स्वित्झर्लंडकडे युनियनशी वीजकरार नाही, त्यामुळे तारा जोडलेल्या आणि बाजार वेगळे. शेजाऱ्यांच्या व्यापारात ठरलेली वीज स्विस तारांतून न विचारता वाहते आणि ती सांभाळायला स्विस जलविद्युत राखून ठेवावी लागते. कराराची किंमत म्हणजे घरगुती ग्राहकांनाही पुरवठादार निवडण्याची मुभा. आज वर्षाला १ लाख युनिटपेक्षा कमी वापरणाऱ्याला ती नाही.

गावाचा नवा पूल बांधताना एक बाजू ५४ सेंटिमीटरने चुकली होती. जर्मनी उंची उत्तर समुद्रावरून मोजतो, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रावरून, फरक २७ सेंटिमीटर. तो माहीत होता, हिशेबातही धरला, पण बेरजेच्या जागी वजाबाकी झाली.

वेळ असेल तर शाफहाउझेनला जाऊन तिथून बसने किंवा ऱ्हाइनच्या बोटीने ब्युझिंगेन गाठा. चारही बाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेलं जर्मन गाव. पोस्टाचे पिनकोड दोन, फुटबॉल संघ स्विस लीगमध्ये. १९६७ पासून लागू असलेल्या करारानुसार गाव स्विस कस्टम हद्दीत आहे, व्यवहार बहुतेक फ्रँकमध्ये, प्राप्तिकर मात्र जर्मन दराने. इथे जर्मन कर-परतावा मागू नका, जर्मन व्हॅट लागतच नाही. स्विस व्हॅटचा दर राजधानी बर्नमध्ये बदलला की ब्युझिंगेनमध्येही बदलतो, आणि ब्युझिंगेनच्या लोकांना बर्नमध्ये मत नाही. ब्रुसेल्सबद्दल स्विस मतदार जी तक्रार करतात, तीच इथे स्वित्झर्लंडबद्दल करता येईल. परतीची शेवटची बोट लवकर सुटते आणि हिवाळ्यात बोटी नसतात, त्यामुळे बसचं वेळापत्रक जवळ ठेवा.