मारुती आठशेचा लोअर आर्म: चार रविवार आणि एक बोल्ट

खंडेनवमीला अंगणात पाट मांडून सगळे पाने, गोट्या (सॉकेट), हातोडा पुसून ठेवले, हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी पूजेतल्याच एका रिंग पान्याने बोल्टचं डोकं गोल करून टाकलं. यात देवाचा काही दोष नाही, पाना बारा कोनी होता. त्याबद्दल पुढे येतंच.

गाडी मारुती ८००, १९९७ची, एमएच ०८. बाबांनी नवी घेतली होती आणि तेव्हापासून ती रत्नागिरीच्या बाहेर फारशी गेलेली नाही. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस पावसाळे, समुद्राचा खारा वारा आणि मिरकरवाडा बंदरातून निघालेल्या मासळीच्या गाड्यांमागून केलेला प्रवास. त्या गाड्यांतून रस्त्यावर गळणारं पाणी नुसतं पाणी नसतं, बर्फाचं आणि मिठाचं असतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस थांबला तरी खालचा पत्रा कोरडा होत नाही. वरून गाडी चकाचक, खालून पाहिलं तर गुळाची ढेप.

पहिला रविवार

तक्रार अशी होती: स्पीडब्रेकरवर डावीकडून खडखड, आणि ब्रेक दाबताना एकदाच 'टक्'. रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघालं की परत 'टक्'.

ही दुसरी खूण आठशेवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. या गाडीत पुढचा खालचा आर्म, म्हणजे चाकाला धरणारा लोखंडी हात, गाडीच्या शरीराला एकाच बुशवर (रबरी सांध्यावर) धरलेला असतो. तो पुढे-मागे हलू नये म्हणून वेगळा रॉड नाही, ते काम स्टॅबिलायझर बारच करतो. बारचं टोक आर्ममधून आरपार जातं, दोन्ही बाजूंना रबर आणि वायसर, शेवटी खाचांचा नट आणि स्प्लिट पिन. ती रबरं झिजली की ब्रेक मारताना अख्खं चाक मागे सरकतं आणि ब्रेक सोडला की पुढे येतं. मोठ्या गाड्यांत हा बार फक्त वळणावरचा झोल कमी करतो. इथे तो दोन माणसांचा पगार एकट्याने मिळवतोय.

जॅक लावण्याआधी एक गोष्ट. आमच्याकडे अंगणात जांभ्याच्या चिऱ्यांची कमी नसते आणि अनेक जण गाडी चिऱ्यावर टेकवून खाली शिरतात. कृपा करून असं करू नका. जांभा चिरतो तेव्हा आधी सांगत नाही. मी दोन लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) घेतल्या, त्यांच्याखाली सागाच्या फळ्या घातल्या आणि काढलेलं चाक आडवं करून दाराच्या खालच्या कडेखाली सरकवलं. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर बसेल, माझ्यावर नाही.

चाक हलवून पाहणं सगळ्यांना माहीत असतं. वर-खाली धरून हलवलं तर खेळ होता, दोन्ही बाजूंना धरून हलवलं तर नव्हता. म्हणजे टाय रॉड एंड, स्टिअरिंगकडचा सांधा, ठीक. आता वर-खालचा खेळ बॉल जॉइंटचा (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) की चाकाच्या बेअरिंगचा? बाबांना आत बसवलं.

"बाबा, ब्रेक दाबून ठेवा."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"अरे, पेपर तरी देऊन जा."

ब्रेक दाबल्यावर खेळ गेला असता तर बेअरिंग, कारण ब्रेक चाकाला आणि नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग) एकमेकांशी जखडून टाकतो. खेळ तसाच राहिला. बॉल जॉइंट. तो या गाडीत आर्मबरोबरच येतो, म्हणून पूर्ण आर्मच बदलायचा ठरवला. दोन्ही बाजूंचे आर्म, बारची रबरं, वायसर, स्प्लिट पिना, सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसलं. खरा खर्च पुढे वेळेचा झाला.

बॉल जॉइंटची दांडी नकलमध्ये एका आडव्या बोल्टने आवळलेली असते. दांडीला गळ्याशी एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. म्हणून तो नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. हे न कळल्याने मी पूर्वी एकदा एका मित्राच्या गाडीवर अर्धा तास हातोडा चालवलाय. (तो मित्र अजून बोलतो माझ्याशी.)

तर बोल्टवर डब्ल्यूडी-४० मारलं, दहा मिनिटं थांबलो, रिंग पाना लावला आणि जोर दिला. पाना घसरला. डोक्याचे कोपरे गेले. गंजाने बोल्टचं डोकं थोडं बारीक झालेलं असतं आणि बारा कोनी पाना फक्त टोकांवर धरतो. सहा कोनी गोटी सपाट बाजूवर धरते. हे मला ठाऊक होतं, पण गोटी आत कपाटात होती आणि पाना हातात होता.

त्या दिवसाचं काम तिथेच थांबलं.

आठवडाभर

डब्ल्यूडीचा अर्थच मुळी पाणी हटवणं. ते ओलाव्यावर छान, पण आट्यांत घट्ट बसलेल्या गंजाला पुरत नाही. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे बोल्ट आणि नटमधली मुळातच केसाएवढी असलेली फट तो स्वतःच भरून टाकतो. पातळ तेलाला आत शिरायला वेळ लागतो. आमच्याकडच्या मेस्त्रींची पद्धत डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून ब्रशने लावायची. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की कपडे बदलायच्या आधी तेच करत होतो. बरोबर बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दहा-बारा हलके ठोके. मोठे नाहीत. त्या हादऱ्याने तेल आत सरकतं.

दुसरा रविवार

मेस्त्री गॅसची मशाल घेऊन आले. मी आधी पेट्रोलचा पाइप कुठून जातो ते पाहून घेतलं, पाण्याची बादली आणि ओलं पोतं जवळ ठेवलं. तापवायचं ते बोल्टला नाही, बोल्टभोवतीच्या लोखंडाला. हिशेब करून पाहिला: पोलाद ३०० अंशांनी जास्त तापलं तर १२ मिलिमीटरचं भोक साधारण ०.०४ मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण आपल्याला तेवढीच फट हवी असते. आधीचं तेल मात्र पुसून घ्या, नाहीतर आपणच पेट घेऊ. मग एक नंबर लहान सहा कोनी गोटी गोल झालेल्या डोक्यावर ठोकून बसवली, आधी किंचित आवळल्यासारखं केलं आणि मग उलटं. 'कर्र' असा आवाज आला. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

वाटलं, जिंकलो. बारचा नट निघाला, आता राहिला आर्मचा आतला, शरीराकडचा बोल्ट. तो तर सहज सैल झाला. फिरत होता. फिरतच होता. बाहेर मात्र येईना.

तिथे नीट डोकावल्यावर उलगडा झाला. बोल्ट आट्यांत धरलेला नव्हताच. बुशच्या आत एक लोखंडी नळी असते, बोल्ट त्या नळीतून जातो. बोल्ट आणि नळी गंजून एकजीव झाले होते. मी बोल्ट फिरवला की नळी फिरायची आणि भोवतीचं रबर पिळून निघायचं. तेल मारून उपयोग नाही, कारण दोन्ही टोकांकडून तिथे पोहोचायला जागाच नाही. तापवायला जावं तर मध्ये रबर, म्हणजे नुसता धूर.

मेस्त्रींनी खाली वाकून पाहिलं, विडी काढली, गाडीपासून चार पावलं लांब गेले.

"साहेब, तो निघणार नाय. कापायचा."

"ग्राइंडरने?"

"ग्राइंडर जाणार खयसून? ब्लेडने."

आर्म आणि त्याला धरणारा शरीराचा कंस यांच्यामध्ये ब्लेड जाईल एवढीच फट. हॅक्सॉची चौकट आत मावत नाही. नुसतं ब्लेड फडक्यात गुंडाळून धरायचं आणि पाठीवर पडून घासत राहायचं. बोल्ट कडक पोलादाचा. एका बाजूला पावणेदोन तास आणि तीन ब्लेडं गेली, दुसऱ्या बाजूला अंधार पडेपर्यंत. आर्म सुटून छातीवर पडला तेव्हा मी त्याला मिठीच मारली. मागे राहिलेला तुकडा आट्यांत सैलच होता, पकडीने फिरवून निघाला. बायको म्हणाली, नवीन गाडीचे हप्ते याच्यापेक्षा कमी दुखतील.

तिसरा रविवार

जोडणी. इथे फार काही घडलं नाही, दोनच गोष्टी सांगतो.

नवा बोल्ट. मी आधी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून घेणार होतो. घेऊ नका. आपल्या गाडीत जपानी वळणाचे बोल्ट आहेत: ८ मिलिमीटरच्या बोल्टला १२ नंबरचा पाना लागतो, १० च्याला १४. बाजारातल्या त्याच जाडीच्या बोल्टांना १३ आणि १७. डोक्याचा फरक चालेलही, पण आटे वेगळे आहेत. सस्पेन्शनचे बोल्ट १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), बारीक आट्यांचे. दुकानात मिळणारा जाड आट्यांचा बोल्ट दीड-दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि आपण समजतो की गंजामुळे अडला. तिथे जोर केला की शरीराकडचे आटे गेलेच. शिवाय डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा नसलेला बोल्ट सस्पेन्शनमध्ये कधीच नको. मी सुट्ट्या भागांच्या दुकानातून गाडीचाच बोल्ट मागवला, तीन दिवसांनी आला.

दुसरी गोष्ट बुश आवळण्याची. गाडी घोडीवर असते तेव्हा आर्म खाली लोंबत असतो. त्या स्थितीत आतला बोल्ट पूर्ण आवळला तर बुशचं रबर त्याच कोनात पकडलं जातं. मग गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं, आणि वर्षभरात फाटतं. आपण दुकानदाराला शिव्या देतो. म्हणून बोल्ट हाताने घट्ट होईल एवढाच ठेवला, चाक बसवलं, चाकांखाली जाड फळ्या रचून गाडी त्यांवर उतरवली, बॉनेटवर दोन-तीनदा दाबून तिला बसू दिलं, आणि मग खाली शिरून शेवटचं आवळलं. बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागावर, जिथे तो नळीतून जातो तिथे, ग्रीसचा जाड थर दिला. आट्यांवर नाही.

पावस गावापर्यंत जाऊन आलो. भाट्याच्या पुलापलीकडे जेवढे स्पीडब्रेकर होते तेवढे मुद्दाम घेतले. 'टक्' गेली. खडखड निम्मी गेली, उरलेली उजवीकडून येत होती.

चौथा रविवार

उजवी बाजू. या वेळी बुधवारपासूनच तेल लावत होतो. नवी ब्लेडं आणली होती, मेस्त्रींना सांगून ठेवलं होतं, बायकोला सांगितलं होतं की जेवायला उशीर होईल.

सव्वानऊला सुरुवात केली. आतला बोल्ट दहा मिनिटांत माझ्या हातात होता. नुसता सैल नाही, पूर्ण बाहेर. मला काही सुचेना. बोल्ट पुसायला गेलो तर मधल्या भागावर जुनं ग्रीस, वरून काळं पडलेलं, खाली अजून पिवळं.

बाबा पेपर बाजूला ठेवून आले. बोल्ट हातात घेतला, अंगठ्याने ग्रीस चोळून पाहिलं.

"ही बाजू एकदा बदलली होती. तू पुण्याला होतास तेव्हा. म्हातारे मेस्त्री होते ना कोपऱ्यावर, त्यांनी. मला म्हणाले होते, आता पंधरा वर्षं बघायला नको."

"मग डावी का नाही केली तेव्हा?"

"डावी वाजत नव्हती."

साडेअकराला गाडी जमिनीवर होती. दुपारी चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. मागचे शॉकअप राहिलेत, डावा तेल गाळतोय. त्यांच्या वरच्या नटांना आजच डिझेल लावून ठेवलंय.