लाटव्हियाची एक फ्रेम: पाचवे पान, तेरावे पान आणि त्यांवरचा एकच शब्द

बाल्टिक किनाऱ्यावरच्या लाटव्हिया या देशाच्या टपाल तिकिटांची एक फ्रेम, म्हणजे सोळा पानांची प्रदर्शनी मांडणी, मी लावत आहे. गेल्या नोंदीनंतरच्या चार महिन्यांत तिची तेरा पाने लागली. त्यांतले पाचवे मात्र मला उतरवावे लागले. सोव्हिएत लष्कराचा ताबा एका छोट्या देशाच्या टपालावर कसा उमटला आणि सैन्य गेल्यावरही काय मागे राहिले, एवढाच या मांडणीचा विषय आहे. ज्या तिकिटाची खात्री नाही ते पानावर ठेवायचे नाही, हा नियम मी पहिल्यापासून पाळत आलो आहे.

पहिले पान आता कायमचे ठरले. डिसेंबर १९१८ मध्ये निघालेले लाटव्हियाचे पहिले तिकीट कागदाच्या टंचाईमुळे जर्मन लष्करी नकाशांच्या पाठीवर छापले गेले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. माझ्याकडची जोडी बिनदातांची, म्हणजे कडांना छिद्रे न पाडलेली, आहे. पुढच्या बाजूला सूर्य आणि त्यात कणसे; मागे भिंगाखाली एक बारीक रस्ता, त्याला छेदून जाणारा ओढा आणि एका गावाच्या नावाची कापली गेलेली अक्षरे दिसतात. पाठीचा मोठा केलेला फोटो शेजारीच लावला आहे, कारण या देशाचे टपाल परक्या सैन्याच्या कागदावर सुरू झाले, हे ती पाठ पाहिल्याशिवाय मनाला भिडत नाही.

चौथे पान थोडक्यात उरकले. ऑक्टोबर १९३९ च्या कराराने सोव्हिएत तळ आले, १७ जून १९४० रोजी आणखी सोव्हिएत सैन्य देशात शिरले, ५ ऑगस्टला देश सोव्हिएत संघात विलीन केला गेला आणि त्याच शरद ऋतूत नव्या सोव्हिएत राजचिन्हाची तिकिटे निघाली.

खरा जीव पाचव्या आणि तेराव्या पानांत आहे. जुलै १९४१ मध्ये जर्मनांनी राजधानी रिगा घेतल्यावर हाती लागलेल्या सोव्हिएत तिकिटांवर देशाचे नाव आणि १ जुलै १९४१ ही तारीख ओव्हरप्रिंट केली, म्हणजे आधीच छापलेल्या तिकिटांवर वरून छापली. सुमारे पन्नास वर्षांनी, डिसेंबर १९९१ मध्ये, स्वतंत्र लाटव्हियाने पुन्हा सोव्हिएत तिकिटांवरच देशाचे तेच नाव आणि नवी किंमत छापली. ग्वाल्हेर संस्थानाची तिकिटे जमवणाऱ्यांना ओव्हरप्रिंटमागचे राजकारण नव्याने सांगायला नको. इंग्रजांच्या राजाच्या चेहऱ्याखाली देवनागरीत ‘ग्वालियर’ वाचत आपण मोठे झालो आहोत. तरीही एकच शब्द एकदा दुसऱ्या ताबेदाराने आणि एकदा घरच्या माणसाने छापलेला शेजारी ठेवला, तेव्हा मी बराच वेळ ती दोन पाने नुसती बघत बसलो होतो. १९९१ च्या तिकिटावर नव्या नावाबरोबर रशियन लिपीतले सोव्हिएत संघाचे नावही अजून वाचता येते, आणि ते झाकले गेले नाही हेच मला या तिकिटाचे मोल वाटते.

पाचवे पान उतरवावे लागले ते माझ्या घाईमुळे. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून घेतलेल्या १९४१ च्या संचातील वापरलेले एक तिकीट तिरप्या उजेडात धरले, तेव्हा ओव्हरप्रिंटची शाई टपालाच्या शिक्क्यावरून गेलेली दिसली, आणि शिक्क्यातली तारीख चक्क १९४० ची निघाली. जुन्या, शिक्का पडलेल्या सोव्हिएत तिकिटावर कुणीतरी नंतर नाव छापले होते. बाकीची पाच तिकिटे कोरी असल्यामुळे तो पुरावा त्यांना लागू पडत नाही, म्हणून पूर्ण संच तज्ज्ञाकडे तपासणीला पाठवला आहे. कुणी असा संच घेणार असेल, तर निदान एक तरी तिकीट त्या काळच्या पाकिटावर चिकटलेले मागावे.

सहा ते बारा ही पाने सर्वांत अवघड गेली, कारण १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य पुन्हा आल्यापासून पुढची पंचेचाळीसहून अधिक वर्षे लाटव्हियाचे स्वतःचे तिकीटच नाही. ही पोकळी मी पाकिटांनी भरली. लिएपायाच्या आरमारी तळावरून गेलेल्या एका पाकिटावर तिकीट नाही. सैनिकाचे पत्र विनामूल्य जाते, असे सांगणारा त्रिकोणी शिक्का आहे, आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गल्ली, घर काहीच नसून फक्त गाव आणि लष्करी तुकडीचा आकडा आहे. त्याच्यासमोर मी २५ मार्च १९४९ ची नोंद ठेवली आहे, कारण त्या मोहिमेत एकट्या लाटव्हियातून बेचाळीस हजारांवर माणसे सैबेरियाकडे नेली गेली. इकडे सैनिक आणि कामगार येत राहिले. १९३५ मध्ये लोकसंख्येच्या सुमारे तीन चतुर्थांश असलेले लाटव्हियन १९८९ मध्ये ५२ टक्क्यांवर आले. सैन्य ३१ ऑगस्ट १९९४ रोजी गेले, पण निवृत्त लष्करी माणसांना राहण्याची मुभा सैन्यमाघारीच्या करारातच होती, आणि १९४० नंतर आलेल्या अनेक कुटुंबांकडे आजही ‘अनागरिक’ असा वेगळा पासपोर्ट आहे. आकड्यांचा तक्ता काढून हा भाग पाकिटांच्या ओळीखाली दोन वाक्यांत लिहिला, तो आता अधिक नीट वाचला जातो.

चौदावे पान लाटव्हियातल्या स्क्रुंदा येथील सोव्हिएत लष्कराच्या रडार केंद्राचे असेल. तिथला अपुरा राहिलेला मनोरा ४ मे १९९५ रोजी सुरुंगाने पाडला, जुने रडार मात्र करारानुसार ३१ ऑगस्ट १९९८ पर्यंत चालू राहिले. सैन्य गेल्यानंतरच्या त्या चार वर्षांतले, स्क्रुंदाचा शिक्का आणि स्वतंत्र लाटव्हियाचे तिकीट एकत्र असलेले पाकीट मी शोधत आहे. कुणाच्या दुहेरी साठ्यात असेल तर जरूर कळवावे. बदल्यात १९१८ च्या नकाशावरच्या तिकिटाची एक जास्तीची प्रत देता येईल, तिच्या पाठीवर रेल्वेमार्गाचा तुकडा आहे.