शाळेचा क्रमांक नेमका कशाचा?

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पुढच्या वर्षी नर्सरीत जाईल, आणि तिच्यासाठी पुण्यातील शाळा पाहण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेतले आहे. वार्षिक शुल्क लाखांत असलेल्या या शाळांची माहितीपत्रके हाती घेतली की नजर आधी क्रमांकाकडे जाते. एका पत्रकावर ठळक सोनेरी अक्षरांत ‘महाराष्ट्रात प्रथम’ असे छापलेले आहे आणि त्याखाली अगदी बारीक टायपात ‘डे-कम-बोर्डिंग, सहशिक्षण गट’ असा खुलासा आहे. निवासी शाळांची यादी वेगळी, दिवसाच्या शाळांची वेगळी, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांची वेगळी, शिवाय देश, राज्य आणि शहर अशा पायऱ्या. त्यामुळे कुठल्या ना कुठल्या यादीत ‘प्रथम’ येणे तितकेसे अवघड राहत नाही.

हे क्रमांक येतात कुठून, हे पालकांनी एकदा नीट समजून घ्यायला हवे. देशातील एक परिचित क्रमवारी ‘एज्युकेशनवर्ल्ड’ हे मासिक 2007 पासून प्रसिद्ध करत आले आहे. तिच्यासाठी पालक, शिक्षक, मुख्याध्यापक अशा मंडळींना शिक्षकांची गुणवत्ता, शैक्षणिक लौकिक, खेळ, भौतिक सुविधा, मुलांकडे दिले जाणारे वैयक्तिक लक्ष अशा निकषांवर शाळांना गुण द्यायला सांगितले जाते, आणि त्या गुणांच्या बेरजेवरून क्रमांक ठरतो. ही पद्धत लोकमतावर आधारलेली आहे, हे मासिकाने कधी लपवलेले नाही. मात्र जी शाळा आधीच नावाजलेली आहे तिच्याविषयी लोकांचे मत चांगले असणार, त्या मतावरून तिला वरचा क्रमांक मिळणार आणि त्या क्रमांकामुळे ती आणखी नावाजली जाणार, हे चक्र आपण लक्षात घेत नाही. वर्गात बाई मुलांना अपूर्णांक कसे शिकवतात, हे त्या बेरजेत कुठेच दिसत नाही.

दहावी-बारावीचे निकाल तरी भरवशाचे असतील, असे बहिणीचे म्हणणे होते. पण निवडून घेतलेल्या मुलांच्या निकालात शाळेचा वाटा किती आणि घराचा, शिकवणीचा किती, हे वेगळे कसे काढायचे? अतिला अब्दुलकादिरोग्लू, जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोस्टन व न्यूयॉर्कमधील प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या नामांकित सरकारी शाळांचा विचार केला. प्रवेशाच्या गुणरेषेच्या किंचित वर राहून आत गेलेली मुले आणि किंचित खाली राहून बाहेर राहिलेली मुले यांची त्यांनी तुलना केली, तेव्हा पुढच्या परीक्षांतील गुणांत नामांकित शाळेचा फारसा परिणाम दिसला नाही. त्या शाळा आपल्या शाळांहून वेगळ्या आहेत, हे मान्य. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या माहितीपत्रकांनाही लागू पडतो.

मला सर्वांत जास्त बोचते ती निवडीची रीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला 25,000 रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि नामांकित शाळांतील जागा नर्सरीतच भरतात. मग ‘अनौपचारिक भेट’ या नावाखाली आईवडिलांचे शिक्षण, हुद्दा, घरात बोलली जाणारी भाषा यांची विचारपूस होते. प्रतिष्ठेचा मोठा भाग अशा रीतीने कोणाला आत घेतले यातून तयार होतो, आणि पालक शुल्क भरतात तेही बरेचदा या सहवासासाठीच.

म्हणूनच 2024 सालचा वाद मला महत्त्वाचा वाटतो. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या कायद्याखाली वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवाव्या लागणाऱ्या 25 टक्के राखीव जागांतून सूट देणारी राज्य सरकारची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी जुलैत रद्द केली, हे फार चांगले झाले. माझ्या भाचीच्या बाकावर रिक्षाचालकाची मुलगी बसली, तर त्यात भाचीचेही शिक्षण आहे, असे मी मनापासून मानते.

आता आम्ही प्रत्येक शाळेत तेच चार प्रश्न विचारतो. प्राथमिक वर्गांतील शिक्षक सरासरी किती वर्षे टिकतात? एका वर्गात मुले किती? अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलासाठी शाळा स्वतः काय करते, की पालकांना बोलावून शिकवणी लावायला सांगते? आणि बसमध्ये मुलाचा रोज किती वेळ जातो? ‘महाराष्ट्रात प्रथम’ असलेल्या शाळेतील समन्वयक बाईंनी पहिल्या प्रश्नावर पोहण्याचा तलाव दाखवायला नेले. घरापासून चालत जाण्याजोग्या, कुठल्याच यादीत नसलेल्या एका शाळेतील मुख्याध्यापिकेने मात्र शिक्षकांची नावे आणि त्यांच्या नोकरीची वर्षे तोंडपाठ सांगितली, आणि गेल्या वर्षी दोन चांगल्या शिक्षिका पगारामुळे सोडून गेल्या, हेही स्वतःहून सांगितले. बहीण अजून द्विधा मनःस्थितीत आहे. माझे मत त्या शाळेच्या बाजूने पडले आहे आणि ते मी तिला स्पष्ट सांगितले आहे.