त्या आठवड्यात एकदम सगळंच कसं बंद पडलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मे महिन्यापासून माझ्या दाखल्यांच्या सेवा केंद्रात येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो, “ताई, तुमच्याकडं सगळंच एकदम कसं काय बंद पडलं?” कुणी म्हणतं मशिनी हलक्या होत्या, कुणी म्हणतं दृष्ट लागली. दोन्ही खरं नाही. मशिनी चांगल्या होत्या. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल (विजेची परतीची तार) गेला होता.

आमचं गाव केज तालुक्यात, मांजरेच्या काठाला. केंद्रात सातबारा, ई-केवायसी, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला अशी कामं होतात, आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत दाखल्यांसाठी दाराबाहेर रांग लागते. नेमक्या त्याच दिवसांत आधी राउटर गेला, मग यूपीएस, मग प्रिंटर. एक दुरुस्त करून आणावं तर दुसरं बंद. एक आजी नातवाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रोज बुडवून यायच्या, उन्हात ओट्यावर बसायच्या आणि तशाच परत जायच्या. “उद्या या आजी” म्हणताना माझी मान वर होत नव्हती. राउटर नवा आणता येतो, पण त्यांचा बुडालेला रोज कुणी भरून दिला नाही. मला राग आहे तो याचा.

   

उलगडा केजच्या दुरुस्तीच्या दुकानात सुरू झाला. दादांनी यूपीएस उघडून आतली नाण्याएवढी निळी चकती दाखवली. मधोमध तडकलेली, भोवतीची पाटी काळी पडलेली. व्होल्टेज वाढलं की आतल्या बाकीच्या भागांना वाचवायला ही चकती आधी जळते. “वीज कडाडली का तिकडं?” त्यांनी विचारलं. आभाळ तर कोरडं ठणठणीत होतं.

मग मी लक्ष ठेवलं. शेजारच्या मामींनी कुलर लावला की आमच्या केंद्रातली ट्यूब मंद व्हायच्या ऐवजी लखकन उजळायची आणि पंखा जोरात फिरायचा. व्होल्टेजचं मीटर लावून बघितलं तर काटा तीनशेच्या वर.

याचं कारण सरळ आहे. डीपीतून घरांकडं तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा, आणि एक न्यूट्रल येतो. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये २३० व्होल्ट असतात, दोन फेजच्या मध्ये ४००. घरं तिन्ही फेजवर वाटलेली, न्यूट्रल मात्र सगळ्यांचा एकच. तो तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकापुढं एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात विषम वाटले जातात. ज्याच्याकडं कुलर, मिक्सर चालू, त्याला कमी मिळतात. ज्याच्याकडं नुसती ट्यूब आणि राउटर, त्याला जास्त. म्हणून मामींचा कुलर कुंथत होता आणि माझ्याकडं एकेक वस्तू जळत होती. फ्यूज आणि एमसीबीला यातलं काही कळत नाही. त्यांना जास्त करंट कळतो, जास्त व्होल्टेज नाही. चार्जरवर बारीक अक्षरात १००–२४० लिहिलेलं असतं, तीनशे त्याला कुठून झेपणार?

आणि हे ऐन उन्हाळ्यात का? आपली काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. डीपीची अर्थिंग ओलीत असेल तर न्यूट्रल सैल झाला तरी जमिनीचा थोडा आधार राहतो. आमच्या डीपीचा खड्डा पार कोरडा होता आणि न्यूट्रलचा जोड गंजून काळा पडलेला. लाइनमन आले, त्यांनी जोड घासून नवा कसला, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी सोडलं. त्याच संध्याकाळी काटा २३५ वर आला.

आमच्या आळीत कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा फ्रीज. जो तो आपापली वस्तू घेऊन केजला जात होता आणि आपल्याच नशिबाला बोल लावत होता. आधीच चार जण ओट्यावर बसून बोलले असते तर तार पहिल्याच दिवशी सापडली असती. आता सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. उत्तर आलं नाही तर वीज कायदा २००३ प्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, तिथं जायचं ठरलं आहे.

तोवर तुमच्या घरी शेजारच्या मोटारीनं किंवा कुलरनं दिवे जास्त उजळत असतील, तर वस्तू दुरुस्तीला नेऊ नका. आधी मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांनाही पाडायला सांगा आणि वीज तक्रारीच्या १९१२ ला फोन लावा. डीपीला स्वतः हात लावायचा नाही, गावातला कितीही जाणता माणूस “मी बघतो” म्हणाला तरी.