खरखर येते, आवाज येत नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि नाशिकची गोदावरी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढली होती. अशा दिवशी एमजी रोडवरच्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही, नुसते फोन येतात. त्यातला एक पंचवटीतल्या काकूंचा.

"अरे, कॉम्प्युटरचा आवाज वाढवून देतोस का? हेडफोनमध्ये ह्यांचं काही ऐकूच येत नाही."

'ह्यांचं' म्हणजे त्यांच्या यजमानांचं. शाळामास्तर होते, संध्याकाळी भजनं म्हणायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटी मागे राहिल्या, त्या काकूंनी कुणाकडून तरी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. स्पीकरवर लावलं की सुनेच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये अभंग घुसतो, म्हणून हेडफोन.

असली कामं मी सहसा फोनवरच उरकतो. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये नेमका तो प्लेअर खाली ओढलेला असतो. नाहीतर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'कम्युनिकेशन्स' नावाचं पान असतं, तिथे मुळातच अशी सोय असते की कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी खाली. ते 'डू नथिंग'वर टाकलं की झालं. पण काकू म्हणाल्या, "पुण्याच्या पुतण्याने परवा तिथूनच सगळं वाढवून दिलंय रे. तरी नाही." मग निघालो. होळकर पुलावर पूर बघायला ही गर्दी.

पुतण्याने खरंच काही शिल्लक ठेवलं नव्हतं. विंडोजचा आवाज 100, व्हीएलसी प्लेअर 125 टक्क्यांवर, आणि वर इक्वलायझर एपीओ नावाचा प्रोग्रॅम टाकून त्याचा प्रीअँप, म्हणजे सगळा आवाज वाढवायची कळ, 20 डेसिबलने चढवलेला. चांगला आहे, फुकट आहे, मी स्वतः वापरतो. पण 20 डेसिबल म्हणजे ताकद शंभरपट. शिवाय कॉम्प्युटरमधल्या आवाजाला छत असतं. लाट छताला टेकली की तिचा माथा कापला जातो, आणि पुढे वाढतो तो आवाज नव्हे, फाटकेपणा.

हेडफोन डोक्याला लावला. एवढं सगळं चढवूनही टेपची खरखर चांगली ऐकू येत होती आणि काका लांब कुठेतरी विहिरीत बसून गात होते. "कॅसेटच जुनी," काकू म्हणाल्या, "त्यात उरलंय कुठे काही."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. सहज म्हणून दुसऱ्या फोल्डरमधलं एक सिनेमातलं गाणं लावलं. ढोलक दणदणीत, व्हायोलिन भरपूर, आणि गाणारी बाई गायब. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. वीस वर्षं हा धंदा करतोय, तरी नाही पेटली. मी काकांची फाइल ऑडॅसिटीमध्ये, म्हणजे आवाजाच्या लाटा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून बसलो. लाटा चांगल्या उंच, भरलेल्या. म्हणजे फाइलमध्ये आवाज आहे, आणि कानापर्यंत येत नाही.

विचार करता करता दुसऱ्या हाताने हेडफोनची वायर चाचपत होतो. वायरीवर फोन घ्यायचं छोटं बटण असतं ना, त्यावर अंगठा पडला.

आणि काका माझ्या दोन्ही कानांत ओरडले.

गायले म्हणायला हवं, पण ते ओरडणंच होतं. हेडफोन मी अक्षरशः उपटून फेकला. तो टेबलावर पडला, बटण सुटलं, काका पुन्हा विहिरीत. चार पावलांवर उभ्या काकूंनी तेवढ्यात ऐकलं होतं. "आले की रे! काय केलंस?" त्यांचा चेहरा खुललेला, आणि माझ्या कानात शिट्टी वाजतेय.

मग पीन उपसून बघितली. तिच्यावर तीन काळ्या रेघा. नातवाच्या ऑनलाइन शाळेच्या वेळी घेतलेला मोबाइलचा माइकवाला हेडफोन तो. काकूंच्या जुन्या कॅबिनेटचं पुढचं सॉकेट दोन रेघांच्या साध्या पिनेचं. अशी जोडी काही सॉकेटांत जमून जाते, काहींत जमत नाही. इथे हेडफोनची अर्थ, म्हणजे दोन्ही स्पीकरची परतीची समाईक वायर, सॉकेटमधल्या पट्टीला टेकतच नव्हती, टेकत होती पिनेवरची माइकची कडी. अर्थ तुटली की डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांना माळेसारखे जोडले जातात, आणि दोन्ही बाजूंत जे सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं. उरतो तो फक्त फरक. सिनेमाच्या गाण्यात गायिका बरोबर मधोमध असते, म्हणून ती गेली. वाद्यं इकडेतिकडे पसरलेली, म्हणून ती राहिली. काकांची कॅसेट तर मोनो. डावीकडेही तेच काका, उजवीकडेही तेच. टेपची खरखर मात्र दोन्हीकडे वेगवेगळी, त्यामुळे ती जशीच्या तशी शिल्लक. आणि ते बटण दाबलं की माइकची कडी अर्थला जोडली जाते. तेवढ्या क्षणापुरतं सर्किट पूर्ण झालं आणि पुतण्याने रचून ठेवलेले 20 डेसिबल एकदम माझ्यावर आले.

हे काकूंच्या कानात झालं असतं तर? बटण त्यांच्याच गळ्याशी लोंबत होतं. सुरक्षित ऐकण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा: 80 डेसिबल असेल तर आठवड्याला 40 तास, 90 असेल तर आठवड्याचे फक्त 4. दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. पुतण्याने दिलेली भर धरून हा हिशोब केला तर आठवड्याचा कोटा मिनिटांत संपतो. त्याच्यावर मला राग नाही. आवाज येत नाही म्हटलं की माणूस बटण वरच फिरवतो. मीही पोचल्या पोचल्या सगळं खाली आणायला हवं होतं आणि मगच हेडफोन घालायला हवा होता. दुकानात पोरांना हेच शिकवतो.

बॅगेत स्प्लिटर होता, एका बाजूला मोबाइलच्या पिनेचं सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला हिरवी-गुलाबी अशा दोन पिना. "हा बघ दुतोंड्या," काकू म्हणाल्या. प्रीअँप शून्यावर, व्हीएलसी 100, विंडोज 10. हेडफोन हातात धरूनच आधी ऐकला, मग त्यांच्या कानाला लावला आणि दोन-दोनने चढवत गेलो. 34 ला त्यांनी हात वर केला. हातभर अंतरावर उभं राहून नेहमीच्या आवाजात विचारलं, "काकू, चहा मिळेल का?" त्यांना हेडफोनमधूनही कळलं. एवढी परीक्षा मला पुरते.

पण दोन अभंगांच्या मध्ये काका हळू काही बोलत, ते कळत नव्हतं. तिथे त्यांचा हात पुन्हा माउसकडे जाणार हे दिसत होतं. म्हणून 'लाउडनेस इक्वलायझेशन'वर टिक केली, ती बारीक आवाज उचलते आणि टीप आवरते. सगळ्या कॉम्प्युटरवर ती नसते, इथे होती. वर 3,000 हर्ट्झच्या आसपास 4 डेसिबल वाढवले आणि प्रीअँप तेवढाच, 4 ने, खाली घेतला, म्हणजे छताला टेकायला नको. वय झालं की स, श, फ असली अक्षरं आधी विरतात. डाव्या कानाला कमी येतं असं त्या ओघात म्हणाल्या, तेव्हा मात्र मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हटलं, ते मशिनीत नाही, कानाच्या डॉक्टरांना दाखवा. "बघू," म्हणाल्या. हे 'बघू' आमच्या घरीही चालतं.

मग त्या ऐकत बसल्या. मी चहा घेत होतो, शिट्टी अजून वाजतच होती. ती रात्री उशिरा थांबली. पाचएक मिनिटांनी काकूंच्या कपाळाला आठी पडली. हेडफोन काढून त्या उठल्या, कोपऱ्यातल्या पेटीवरचं कापड सारलं, भाता हलवला आणि एक पट्टी दाबून धरली. पुन्हा हेडफोनला कान, पुन्हा पट्टी.

"हे काळी एकमध्ये गायचे. मी साथ केलीये तीस वर्षं. हे तुझं पांढरी एक वाजतंय."

अर्धा सूर खाली, म्हणजे जवळजवळ 6 टक्के हळू. ज्याने कॅसेटी उतरवल्या त्याच्या टेपची मोटर मंद होती. "किती फायली आहेत, काकू?"

"एकशे बारा. बस, अजून एक चहा टाकते."