कायद्यातील व्याख्या आणि कारखान्यातील आराखडा

ब्रिटनमध्ये १७८४ साली विटांवर कर बसवला गेला आणि तो हजार विटांमागे ठरावीक रक्कम अशा पद्धतीने आकारला जात असे. कर नगावर आहे, हे ओळखून काही वीटभट्टीवाल्यांनी विटाच मोठ्या पाडायला सुरुवात केली. तेवढ्याच भिंतीला कमी विटा लागत आणि कर वाचत असे. मग सरकारने मोठ्या विटांवर जास्त कर लावला आणि अखेर १८५० साली हा कर रद्द झाला. सरकारला महसूल हवा होता, विटेचा आकार बदलावा असे कोणाच्याच मनात नव्हते.

अशा वर्तनाला आपण सहसा पळवाट म्हणतो आणि दोष उद्योजकाच्या लबाडीला देतो. मला हे निदान अपुरे वाटते. कायद्याला काहीतरी मोजावे लागते, कुठेतरी रेषा आखावी लागते, आणि ही रेषा एकदा राजपत्रात छापली गेली की लोखंडाच्या भावाइतकीच ती उत्पादकाच्या हिशेबाचा भाग होते. तो कायद्याचा हेतू वाचत नाही, व्याख्या वाचतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील मोटारींचे आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ साली, तिथल्या संसदेने इंधनबचतीचा कायदा केला आणि प्रवासी मोटारींसाठी १९८५ पर्यंत सरासरी २७.५ मैल प्रति गॅलन हे लक्ष्य ठेवले. हलक्या ट्रकांना मात्र वेगळे आणि सैल मानक मिळाले, कारण ती शेतकऱ्यांची आणि कारागिरांची कामाची वाहने आहेत, असे तेव्हा गृहीत धरले होते आणि ते गैरही नव्हते. पण ट्रक म्हणजे काय, हे शेवटी व्याख्येनेच ठरणार होते. कुटुंबे वापरत असलेली लांब, जड स्टेशन वॅगन मोटारींच्या सरासरीत मोजली जाई, तर तेच काम करणारी मिनीव्हॅन आणि एसयूव्ही ट्रकांच्या. पहिली हळूहळू बाजारातून दिसेनाशी झाली आणि दुसऱ्या दोघींनी रस्ते व्यापले. स्वस्त इंधन आणि ग्राहकांची आवड यांचाही त्यात वाटा होता, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही क्रायस्लरची पीटी क्रूझर ही दिसायला सरळसरळ मोटार असलेली गाडी, मागची आसने काढून सपाट तळ मिळतो म्हणून, या नियमापुरती ट्रक ठरली, हे पाहिल्यावर आराखडा कशाच्या आधारे काढला जात होता याविषयी फारशी शंका उरत नाही. पुढे वाहनाच्या चाकांमधील क्षेत्रफळानुसार लक्ष्य ठरवण्याची सुधारणा झाली. त्यात मोठ्या क्षेत्रफळाच्या वाहनाला सौम्य लक्ष्य असल्यामुळे वाहन मोठे करण्याचे एक नवे कारण निर्माण झाले.

त्याच देशात १९६४ पासून आयात केलेल्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के शुल्क आहे, तर प्रवासी वाहनांवर अनेक दशके ते केवळ अडीच टक्के होते. फोर्डने तुर्कस्तानात बनवलेल्या मालवाहू व्हॅन मागची आसने बसवून प्रवासी वाहने म्हणून आणल्या आणि बंदरावर उतरल्यावर ती आसने काढून टाकली. २०१९ साली न्यायालयाने हे अमान्य केले. माल आणि मजुरी दोन्ही खर्चून बनवलेली आसने एकाही प्रवाशाच्या उपयोगी न पडता निघाली, याचा मला मनापासून खेद वाटतो.

फ्रान्समध्ये पन्नासावा कामगार नेमला की कामगार परिषदेसह अनेक जबाबदाऱ्या एकदम लागू होत. परिणामी एकोणपन्नास कामगारांवर थांबलेल्या कंपन्यांची गर्दी आकडेवारीत स्पष्ट दिसू लागली. २०१९ च्या सुधारणेनंतर सलग पाच वर्षे ती मर्यादा ओलांडली तरच बहुतेक जबाबदाऱ्या लागू होतात.

म्हणून नियमच नकोत, असे मी मुळीच म्हणणार नाही. पेट्रोलमधील शिशावर अनेक देशांनी बंदी घातली, तेव्हा नियम ज्याला मोजत होता तेच अपायकारक होते, आणि शिसे काढून टाकण्यावाचून तो पाळण्याचा दुसरा मार्गच नव्हता. मोजमाप आणि हेतू यांत अंतर असते तिथे मात्र उद्योग त्या अंतरात जाऊन बसतो, आणि मसुदा लिहिणाऱ्याने तो कारखान्याच्या हिशेबनिसाच्या नजरेने एकदा तरी वाचायला हवा, असे मला कळकळीने वाटते.

कारण नियम जातो, पण त्याच्याभोवती बसलेली घडी जात नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, महागाई रोखण्यासाठी अमेरिकेने वेतनवाढ गोठवली, मात्र माफक विमा आणि निवृत्तिवेतन यांना वेतन मानले नाही. कामगारांची टंचाई असलेल्या मालकांनी पगाराऐवजी आरोग्य विमा देऊ केला आणि १९५४ च्या करकायद्याने त्या विम्याची करमुक्ती पक्की केली. वेतनावरचे ते निर्बंध युद्धानंतर लगेच उठले. तिथल्या कोट्यवधी कुटुंबांचा विमा मात्र आजही नोकरीला बांधलेला आहे, आणि नोकरी सुटली की आजारी माणसाला पगाराबरोबर विम्याचीही चिंता करावी लागते.